वजन उतरलं, कातडी तिथेच राहिली. यापुढे काय?

घडीमोड

मंडळी, हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी काढला. माझं जवळपास 60 किलो वजन कमी झालंय, आहार आणि व्यायाम यावरच, वेळ भरपूर लागला, आणि आता काटा बरेच महिने एकाच जागी आहे. चाळिशी जवळ आलीये. शुगर नॉर्मल, गुडघे गप्प, झोप छान, सगळं मान्य. पण शर्ट काढला की पोटाची कातडी बेंबीखालून पुढे लोंबते, छाती उतरलीये, दंडाखाली पण तेच. पळायला गेलो की पोट वेगळं पळतं आणि मी वेगळा. घडीत घाम साचून सारखी खाज येते ते वेगळंच.

पुरुष लोक यावर फारसं बोलत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. प्रश्न असे की व्यायामाने हे किती आत जाणार, क्रीम-मशीन वगैरेला काही अर्थ आहे का, आणि ऑपरेशन केलेलं कुणी इथे आहे का. एकच विनंती, "तब्येत सुधारली ना, मग कातडीचं काय घेऊन बसलास" हे घरी ऐकून झालंय, इथे नको.

शंकासुर

अभिनंदन आधी. मग माझी नेहमीची शंका. ते जे लोंबतंय ते नुसती कातडीच आहे हे कशावरून? चिमटीत धरून बघा. पोटाची कातडी स्वतः फार तर दोन-तीन मिलिमीटर जाड असते, म्हणजे दुमडून धरली तरी चिमटीत अगदी पातळ घडी यायला हवी. बोटांमध्ये जाड मऊ वळी येत असेल तर आत अजून चरबी आहे. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही मिसळलेलं असतं, खाली जास्त चरबी आणि वर नुसती कातडी. हे आधी ठरवा कारण पुढचे सगळे उपाय त्यावर बदलतात.

घडीमोड

बेंबीच्या वर पातळ आहे, अगदी कागद म्हणता येईल इतकी. खाली मात्र तुम्ही म्हणता तशी वळी येते. म्हणजे अजून वजन उतरवायचं? बीएमआय 27 च्या आसपास आहे.

उचल_लोखंड

भाऊ थांबा, घाईघाईने अजून वजन उतरवू नका. एवढं मोठं वजन जातं तेव्हा चरबीबरोबर स्नायू पण गेलेला असतो, किती ते तुम्ही वजनं उचलत होतात का आणि प्रथिनं पुरेशी खात होतात का यावर. आता कातडीच्या आत भरायला काहीतरी पाहिजे ना. दंड, खांदे, पाठ, मांड्या इथे स्नायू वाढला की फरक डोळ्याला दिसतो, मी स्वतः बघितलाय आणि माझ्याकडे येणाऱ्या लोकांमध्ये पण. छातीला थोडा. पोटाला खरं सांगतो फारसा नाही कारण पोटाचा स्नायू कितीही केला तरी फुगून एवढी जागा भरत नाही, हजार क्रंचेस मारा कातडी आक्रसणार नाही. ते "पोटाचे पाच व्यायाम, कातडी गायब" वाले व्हिडिओ निव्वळ थापा.

2023 मध्ये जपानमधल्या एका अभ्यासाची बरीच चर्चा झाली होती, मध्यमवयीन बायकांना 16 आठवडे व्यायाम दिला, काहींना एरोबिक काहींना वजनांचा. लवचिकता दोन्ही गटांत सुधारली आणि वजनं उचलणाऱ्यांच्या त्वचेचा आतला थर थोडा जाडही झाला. आमच्या जिमवाल्यांनी लगेच त्याचे पोस्टर केले. पण त्या बायकांचं मोठं वजन उतरलेलं नव्हतं, लोंबत्या कातडीवर तो अभ्यास नव्हताच, त्यामुळे तेवढाच अर्थ काढा.

नवी_मी

मी पण याच नावेत. म्हणून कुणी सांगा ना, मी फार भराभर वजन कमी केलं म्हणून असं झालं का? सगळे मला तेच ऐकवतात, हळू केलं असतं तर कातडी आपोआप बसली असती. रोज रात्री तेच डोक्यात.

त्वचाडॉक

लिहायला घेतलं आणि लांबलं, सांभाळून घ्या.

नवी_मी, वेगाला लोक जितका दोष देतात तितका तो नसतो. जास्त फरक कशाने पडतो तर वजन एकूण किती उतरलं, ते अंगावर किती वर्षं होतं, तुमचं वय, आनुवंशिकता, गरोदरपणं किती झाली, उन्हाचा मारा आणि धूम्रपान. यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या. 60 किलो सावकाश उतरवणाऱ्यांची पण कातडी लोंबते, घडीमोड स्वतः उदाहरण आहेत.

होतं काय तर त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलास्टिन असे दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजन मजबुती देतं, इलास्टिन ताणून परत जागेवर आणतं. इलास्टिन मुख्यतः लहान वयात तयार होतं आणि पुढे आयुष्यभर तेच वापरायचं असतं, मोठेपणी नवीन नीट तयार होत नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीत हे तंतू तुटतात, विस्कळीत होतात, कोलॅजन पण पातळ होतं. इलास्टिक गेलेला पायजमा कितीही धुवून वाळवला तरी कमरेला बसत नाही, तसंच. त्यामुळे वजन स्थिर झाल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षं कातडी थोडी आत येत राहते, तरुणांमध्ये जास्त, पण त्यानंतर जे उरलं ते उरलं असं धरून चाला.

आता क्रीम. "फर्मिंग" नावाच्या बहुतेक क्रीमनी वरचा थर ओलसर राहतो, काही तास गुळगुळीत दिसतो, बास. ट्रेटिनॉइनसारख्या रेटिनॉइडने उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्याच्या त्वचेत कोलॅजन वाढतं हे खरं आहे, पण त्याने पोटाचा पडदा वर जात नाही, आणि गरोदरपणात ते लावायचं नसतं. कोलॅजनची पावडर पोटात गेली की तिचे तुकडे होतात, शरीर ते हवे तिथे वापरतं. चेहऱ्याच्या त्वचेवर थोडा फायदा दाखवणारे काही प्रयोग आहेत, त्यातले बरेच पावडर विकणाऱ्यांच्याच पैशावर झालेले. लोंबत्या घडीसाठी पैसे घालू नका.

मशीन म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी, अल्ट्रासाउंड, मायक्रोनीडलिंग. खरी आहेत, काम करतात, पण थोड्याशा सैल कातडीवर. हनुवटीखाली, दंडाला जरासं ढिलं असेल तर काही बैठकांनंतर किंचित घट्टपणा येतो. जिथे कातडी दुमडून स्वतःवर पडते तिथे त्यांचा उपयोग नाही आणि जो क्लिनिकवाला आहे असं सांगतो त्याच्याकडून उठून या. हे मी स्वतः ती मशीनं वापरत असून सांगतेय.

खाजेबद्दल वेगळा प्रतिसाद टाकते.

वाटसरू

डॉक, पोटाला गुंडाळायचे ते घामाचे पट्टे आणि "रॅप" वगैरे?

त्वचाडॉक

पाणी जातं, प्याल्यावर परत येतं. आणि घडीत घाम अडकून बुरशीची सोय होते. पुढचा प्रश्न.

पारंबी

मी थोडं वेगळं लिहिते. मी ऑपरेशन केलं नाही आणि करणार पण नाही, विचार पूर्ण करून ठरवलंय. सुरुवातीला मला आरशात अजूनही जुनीच मी दिसायची, दुकानात हात आपोआप मोठ्या मापाकडे जायचा, बसमधल्या दोन सीटमधून आडवी होऊन जायचे आणि मग लक्षात यायचं की अगं जागा आहे की. मेंदूला शरीराचं नवं माप कळायला उशीर लागतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या काळात मी ऑपरेशनचा निर्णय घेतला असता तर चुकीच्या कारणाने घेतला असता असं मला वाटतं, म्हणजे कातडी कापली असती पण डोक्यातलं माप तेच राहिलं असतं.

जवळच्या नात्यात सगळ्यात अवघड गेलं. नवऱ्याला काही वाटत नव्हतं, दिवा मलाच बंद हवा असायचा. त्यावर समुपदेशकाकडे गेले, तिने काही जादू केली नाही पण निदान ते वाक्य मोठ्याने बोलता आलं.

कपड्यांचं म्हणाल तर उंच कमरेची, पोटाला धरून ठेवणारी पँट आणि आतून शिवणी नसलेलं घट्ट इनर. पळताना तर हवंच. घडीमोड, पोट वेगळं पळतं त्यावर हाच उपाय, पोट आत घेऊन बसेल असं उंच कॉम्प्रेशनचं कापड, आणि काखेत-मांडीत घर्षण होतं तिथे आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

शंकासुर

पारंबीताई, छान लिहिलंत. पण एक विचारतो, राग मानू नका. "मी नाही करणार" हे ज्यांना घडीत दर महिन्याला जखमा होतात त्यांना लागू होतं का? दिसणं आणि त्रास हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

पारंबी

राग कसला. मला त्रास फार नाही हे खरंच आहे, म्हणूनच "मी" लिहिलं, "सगळ्यांनी" नाही.

त्वचाडॉक

आता खाज. याकडे दुर्लक्ष होतं म्हणून सविस्तर.

कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम, हवा नाही. आधी नुसती लाली येते, मग त्यावर बुरशी बसते, बहुतेक वेळा कॅन्डिडा. ओळखायची खूण म्हणजे मुख्य लाल पट्ट्याच्या कडेबाहेर छोटे लाल दाणे विखुरलेले दिसतात. कधी तपकिरी पातळ चट्टा असतो, फार खाजत नाही, तो जीवाणूंमुळे असू शकतो, विशिष्ट निळसर दिव्याखाली तो लालसर-गुलाबी चमकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. म्हणून एकदा दाखवून घ्या, अंदाजाने लावत बसू नका.

रोजचं काम इतकंच, सौम्य साबणाने धुणं, चोळून नाही तर टिपून कोरडं करणं, हवं तर हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून घडी उचलून वाळवणं. घडीत पातळ सुती कापड ठेवलं तर कातडी कातडीला लागत नाही, ओलं झालं की बदलायचं, तेच दिवसभर ठेवलं तर उलटा परिणाम. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं संरक्षक मलम. बुरशी असेल तर क्लोट्रिमाझोलसारखं औषध, आणि लाली गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद नाही करायचं, सांगितलेले दिवस पुरे करायचे.

कळकळीची विनंती, त्या "सगळ्यावर चालणाऱ्या" ट्यूबा आणू नका ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक खूश होतात, पण घडीत स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, आधीच पातळ झालेली कातडी अजून पातळ होते, ताणाचे व्रण पडतात, आणि बुरशी दबून पसरते, मग ओळखता पण येत नाही. माझ्या ओपीडीत असे पेशंट कायम येतात.

सारखं सारखं होत असेल तर शुगर तपासा. लाली भराभर पसरतेय, गरम लागतेय, दुखतेय, ताप आलाय, पू आहे, तर घरगुती काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि प्रत्येक वेळी पुरळ आलं की फोटो काढून ठेवा, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढे ऑपरेशन केलंत तर ते दिसण्यासाठी नव्हतं, त्रासासाठी होतं हे दाखवायला हीच कागदपत्रं लागतात. विमा मिळतो की नाही ते प्रत्येक पॉलिसीचं वेगळं, पण कागद नसतील तर प्रश्नच मिटला.

नवी_मी

डॉक खूप खूप धन्यवाद, ती ट्यूब माझ्या कपाटात आहे, आत्ता उठून टाकून आले.

टाकेवाली

आले मी. सदस्यनावावरून कळलं असेलच.

माझं बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायचं जठरावरचं ऑपरेशन, झालं होतं, मग वजन स्थिर व्हायची वाट बघितली. सर्जन लोक साधारण सहा महिने तरी वजन हललेलं नाही असं बघतात आणि बॅरिॲट्रिकवाल्यांना बहुतेक 12 ते 18 महिने थांबवतात, माझ्या सर्जननी पण थांबवलं, तेव्हा मी मनात त्यांना शिव्या घातल्या. पण कारण सरळ आहे, नंतर अजून वजन उतरलं तर परत सैल, वाढलं तर ताणलं जातं आणि व्रण रुंद होतो. बायकांना गरोदरपण बाकी असेल तर तेही आधी विचारतात.

पोटाच्या ऑपरेशनात दोन प्रकार लोक एकच समजतात. पॅनिक्युलेक्टमी म्हणजे लोंबणारा पडदा कापून टाकणं, बास, स्नायूंना हात नाही, बेंबीच्या वरचं तसंच. ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणजे वरची कातडी पण सोडवून खाली ओढतात, मधून फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, आणि बेंबी तिच्या जागी ठेवून कातडीला नवं भोक करून बाहेर काढतात. पाठीला, कमरेला पण सैल असेल तर पूर्ण गोल कमरेभोवती काप असतो. उभी पण ढिलाई असेल तर आडव्याबरोबर उभा काप, म्हणजे छातीपासून खाली रेघ. माझा हाच होता.

हे कुणी गोड करून सांगणार नाही म्हणून मी सांगते, तुम्ही कातडी देता आणि व्रण घेता. लांब व्रण. दंडाला तर काखेपासून कोपरापर्यंत, हात वर केला की सगळ्यांना दिसतो. मी पोट केलं, दंड मुद्दाम नाही केले, लांब बाह्या मला आवडतात. मांड्या पण नाही केल्या कारण तिथे घाम, चालणं, घर्षण, जखम उघडायचं प्रमाण जास्त असतं असं सर्जननी स्वच्छ सांगितलं.

नंतरचं. ड्रेनच्या नळ्या बाहेर, त्यात साचलेलं मोजून लिहायचं. सुरुवातीला कमरेत वाकून चालायचं, सरळ उभं राहिलं की टाके ओढतात. कॉम्प्रेशनचा पट्टा कित्येक आठवडे, जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. नळ्या काढल्यावर माझ्या कातडीखाली पाणी साचलं, सेरोमा म्हणतात त्याला, सुईने काढलं, यात सगळ्यात जास्त होणारी गुंतागुंत हीच आहे म्हणे. बेंबीखालचा भाग बधिर आहे, बऱ्याच अंशी परत आला, पूर्ण नाही. व्रण वर्षभर लालभडक होता मग उतरला.

करून आनंद आहे का? हो, पूर्ण. पँट बसते, घडीत हात घालून धुवायचं ते काम गेलं. फोटोतल्यासारखं सपाट पोट झालं का? नाही. ते कुणाचंच होत नाही या वजनातून आल्यावर, आणि जे सर्जन फोटोत फक्त ऑपरेशननंतर लगेचचे सुजलेले-ताणलेले फोटो दाखवतात त्यांना एक वर्षानंतरचे मागा.

वाटसरू

टाकेवालीताई, किती किलो कातडी निघाली? माझा अंदाज दहा-पंधरा किलो निघत असेल.

टाकेवाली

हा अंदाज सगळ्यांचाच असतो, मी पण तशीच स्वप्नं बघत होते. काट्यावर पळून जाईल एवढं नाही निघालं. कातडी दिसते खूप पण वजनाला हलकी, निघतं ते बरंचसं आतली चरबी असते. वजन कमी करायला हे ऑपरेशन करू नका, एवढं लिहून ठेवा.

कोपरा_नंबर_दोन

हे सगळं वाचून वाटतं मग वजन कमी न केलेलंच बरं. मी 130 ला आहे, इथून उतरून पण असंच लटकणार असेल तर काय उपयोग?

घडीमोड

अहो असं नका म्हणू. मी तक्रार करतोय ती बाहेरच्या पिशवीची. आत जे चालू होतं ना, रात्री श्वास अडकून उठणं, जिन्यावर दम, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, ते परत घ्या आणि कातडी आमची परत द्या असा सौदा कुणी आणला तर मी दारातूनच हाकलीन. चिडचिड होते तेव्हा लिहितो एवढंच. तुम्ही सुरू करा, आणि सुरुवातीपासून वजनं उचला, ते मी फार उशिरा सुरू केलं.

उचल_लोखंड

+१. आणि सिगरेट असेल तर आत्ताच सोडा, कातडीसाठी पण.

भूलवाला

सिगरेटचा विषय निघालाच आहे तर भूलतज्ज्ञ म्हणून चार ओळी.

या ऑपरेशनात कातडी मोठ्या भागातून सोडवून ओढतात, तिच्या कडेपर्यंत रक्त बारीक नसांतून जातं. निकोटिन त्या नसा आवळतं. परिणाम म्हणजे कड काळी पडणं, जखम उघडणं, कातडी मरणं. म्हणून किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, आणि यात वेप, च्युइंगम, पॅच सगळं आलं कारण निकोटिन तेच. काही सर्जन लघवीत तपासतात. खोटं बोलून आम्हाला फसवता येतं, जखमेला नाही.

दुसरं, वजनाची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइडच्या 2021 च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या 2022 च्या चाचणीत सगळ्यात मोठ्या डोसला 72 आठवड्यांत 21 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आता हा धागा वाचणारे वाढणारच आहेत. ही औषधं घेताना जठर हळू रिकामं होतं. उपाशी पोटी आलो म्हणता पण पोटात अन्न असू शकतं, भूल देताना ते फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्याला आणि सर्जनला दोघांना सांगा, चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. स्वतःच्या मनाने बंद पण करू नका, ते ठरवू आम्ही.

तिसरं, रक्ताच्या गुठळ्या. लांब ऑपरेशन, वर घट्ट पट्टा, हालचाल कमी. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, दुखतंय म्हणून पडून राहू नका. पोटरी एका बाजूची सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर फोनाफोनी करत बसू नका, इमर्जन्सी गाठा. याच कारणाने पोट, छाती, मांड्या, दंड सगळं एका फटक्यात करून देतो म्हणणाऱ्यापासून जरा जपून, चांगली माणसं टप्प्यात करतात, मध्ये काही महिने जाऊ देतात.

आधीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, लोह, बी12, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन हे बघा, बॅरिॲट्रिक झालेल्यांमध्ये यातलं काहीतरी कमी निघतंच असं समजून चाला. प्रथिनं कमी असली की जखम भरत नाही. बॅरिॲट्रिक झालेल्यांना ती दिवसाला निदान 60 ते 80 ग्रॅम लागतात, रोज मोजून, अंदाजाने नाही.

नवी_मी

लायपोसक्शन करून भागतं का? काप नको म्हणून विचारतेय.

टाकेवाली

अगं नाही, उलट होतं. आतली चरबी ओढून घेतली की रिकामी कातडी अजून लोंबते. ज्यांची कातडी घट्ट आहे त्यांच्यासाठी ते. आपल्यासारख्यांना कातडी काढतानाच सोबत करतात कधी कधी.

त्वचाडॉक

टाकेवालीशी सहमत. आणि नवी_मी, जुन्या जखमेचे व्रण उंच, जाड, खाजरे होतात का ते बघ. कान टोचल्यावर गाठ आली असेल, लसीच्या जागी फुगलं असेल तर सर्जनला आधी सांग, केलॉइडची प्रवृत्ती असेल तर एवढ्या लांब कापाचा विचार वेगळा होतो. एरवी टाके भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, आणि उन्हापासून जपणं. व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष जातं, तिसऱ्या महिन्यात बघून रडू नये. त्या सुमारास तो सगळ्यात वाईट दिसतो.

शंकासुर

माझी शेवटची शंका. सर्जन निवडायचा कसा? जाहिराती बघून तर सगळेच जादूगार.

भूलवाला

प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण आणि नोंदणी आहे का ते स्वतः तपासा, "कॉस्मेटिक तज्ज्ञ" अशी पाटी पुरेशी नाही. त्यांनी मोठं वजन उतरलेल्यांवर किती ऑपरेशनं केलीत ते विचारा, बाळंतपणानंतरचं थोडं सैल पोट आणि 60 किलो उतरलेलं पोट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्री काही झालं तर आयसीयू आहे का. आणि गुंतागुंत झाली तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कुणाचा, हे लाज न बाळगता आधी विचारा. मला आवडणारा सर्जन तो जो पहिल्या भेटीत एखाद्याला "अजून नको" म्हणून परत पाठवतो.

पारंबी

आणि एकट्याने जाऊ नका, सोबतच्या माणसाला प्रश्नांचा कागद द्या. तिथे उघडं उभं राहून मार्करने रेघा मारून घेताना आपल्याला काही सुचत नाही, मी फक्त सल्ल्यापुरती गेले होते तरी.

घडीमोड

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत. माझं आता असं ठरतंय की खाजेचं उद्याच दाखवतो आणि आजपासून फोटो काढून ठेवतो. वजनं उचलणं अजून वर्षभर नीट, कारण दंड आणि खांद्यात भरायला जागा आहे असं दिसतंय. छाती त्यात कितपत सुधारते बघतो. वर्षाने काटा इथेच असेल तर पोटासाठी सर्जनला भेटायचं, फक्त पोट, बाकी राहू दे. बायकोला वाचायला दिला धागा, ती म्हणते "कातडीचं काय घेऊन बसलास" हे वाक्य मी बोलले नव्हते, तुझी आई बोलली होती. नोंद घ्यावी.

टाकेवालीताई एक विचारायचं राहिलं, वाकून झोपायचं म्हणजे नक्की कसं? मला पालथं झोपायची सवय.

टाकेवाली

पालथं विसरा बरेच आठवडे. पाठीवर, डोक्याखाली-पाठीखाली उशांचा उतार आणि गुडघ्याखाली जाड उशी, म्हणजे पोटावर ताण येत नाही. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताने रेटा देऊन उठायचं. ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर तसं झोपून सराव करा. मागे झुकणारी खुर्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं, मी पहिल्या रात्री त्यातच काढल्या. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. आणि हसवणारी माणसं भेटायला बोलवू नका, खरंच सांगते, टाके कळवळतात.

घडीमोड

मग शंकासुरना बोलावतो.

शंकासुर

येतो. येताना उशी आणू का, ही एक शंका.